सांध्याचं वाक्य

शुक्रवारी सकाळी कप्ताननं माझ्या टेबलावर एक छापील कागद ठेवला आणि म्हणाली, "काका, तुमच्या म्हातारीविरुद्ध तक्रार आलीय." आमच्याकडे कोणी काही छापत नाही, सगळं पडद्यावरच चालतं; कागद हातात पडला की समजायचं, प्रकरण अंगाशी येणार. कप्तान म्हणजे आमच्या लेखन विभागाची प्रमुख. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, पण कामात माझ्यासारख्या तिघांना भारी. आम्ही सहाजण मिळून एक ऑनलाइन खेळ लिहितो. त्यात डोंगर आहेत, किल्ले आहेत, उडणारे आणि न उडणारे राक्षस आहेत, आणि कुठल्याही क्षणी दोन-तीन लाख माणसं आपापल्या घरी बसून त्या राज्यात हिंडत असतात. सहाजणांत वयानं मीच मोठा, म्हणून मी काका. सुरुवातीला खटकायचं, आता कोणी नावानं हाक मारली तर मी मान वर करत नाही. कागदावर काही ओळी होत्या आणि खाली खेळणाऱ्याचं खेळातलं नाव होतं, गारगोटी. "पहिल्यांदा खेळलो तेव्हा मी त्या बाईच्या मुलाला पकडून दिलं," असं त्यानं लिहिलं होतं. "सरदार त्याला घेऊन गेल्यावर म्हातारी मला म्हणाली, 'तुला जे योग्य वाटलं ते तू केलंस. आता दोन घास खाऊन घे.' मला वाटलं, हिनं मला माफ केलं. पुढे दुसऱ्या नावानं परत खेळायला लागलो आणि ह्या वेळी मुलाला लपवलं. म्हातारी तेच म्हणाली. शब्दन्‌शब्द तेच. मला एवढंच विचारायचंय, पहिल्या वेळी तिच्या मनात काय होतं?"

मी हसलो. कप्तान समोर उभी होती म्हणून हसलो. आमच्या धंद्यात अशी पत्रं येतात. कोणाची तलवार हरवते, कोणाचा घोडा भिंतीत अडकतो, कोणाला एखाद्या राणीशी लग्नच करायचं असतं. पण ते शेवटचं वाक्य मी परत एकदा वाचलं. "मनात काय असणार," मी म्हणालो, "तिला मनच नाही. सांध्याचं वाक्य आहे ते." "ते मला माहितीय," कप्तान म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत. पण ह्यानं ते सगळ्यांसमोर टाकलंय आणि खाली चारशे जणांनी लिहिलंय की आम्हालाही हे विचारायचं होतं. तुम्ही बघा काय ते. तसंच ठेवायचं तर ठेवा, नाहीतर दोन वाक्यं लिहा. सोमवारी मला सांगा." मग जाता जाता वळून म्हणाली, "दोन लिहिलीत तर खरी लिहा हां, काका. आता लोक शेजारी शेजारी ठेवून बघणार."

सांधा म्हणजे काय ते सांगायला हवं. खेळणारा चालत चालत अशा जागी येतो जिथं त्याला काहीतरी ठरवावं लागतं. नावाड्याला वाचवायचं की लुटायचं. विहिरीत विष आहे हे गावाला सांगायचं की गप्प राहायचं. ह्याला आम्ही फाटा म्हणतो. प्रत्येक फाट्यापासून वेगळी गोष्ट चालवायची म्हटलं तर दहा फाट्यांनंतर हजारावर गोष्टी होतील आणि त्या लिहायला सहा नव्हे, सहाशे माणसं पुरणार नाहीत. म्हणून दोन्ही वाटा थोड्या पुढे जाऊन गुपचूप एकत्र आणायच्या. जिथं त्या एकत्र येतात तो सांधा, आणि तिथं उभं असलेलं पात्र जे बोलतं ते सांध्याचं वाक्य. ते दोन्हीकडून येणाऱ्याला लागू पडलं पाहिजे आणि दोघांनाही वाटलं पाहिजे की हे फक्त माझ्यासाठीच बोललं गेलं. मी ह्यातला उस्ताद आहे. माझा नावाडी वाचला तरी आणि लुटला गेला तरी म्हणतो, "तुझ्यासारखी माणसं मी फार पाहिली नाहीत." नव्या लेखकांना मी सांगतो, उत्तर देऊ नका, उत्तरासारखं दिसेल असं काहीतरी द्या. ती मुलं हे वहीत लिहून घेतात. बारा वर्षं मी ह्या एका कसबावर भाकरी खातोय, आणि बायकोचं म्हणणं असं की घरीही तेच करतो. पडदे निळे घेऊ की पिवळे असं विचारलं की मी म्हणतो, खिडकी छान दिसेल.

म्हातारीचा प्रसंग मी दोन वर्षांपूर्वी एका दुपारी, एका बैठकीत लिहिला होता. खेळणारा थकून एका घरी येतो. म्हातारी त्याला चुलीजवळ जागा देते. वर माळ्यावर कोणीतरी खोकतं. हळूहळू कळतं की तो तिचा मुलगा, टेहळणीच्या बुरुजावरून पळून आलेला. जाळ पेटवून इशारा द्यायला तो तिथं नव्हता म्हणून खालचं गाव बेसावध राहिलं आणि जळलं. मग सरदार येतो. घोड्यावरून न उतरताच विचारतो, "माळ्यावर कोण आहे?" खेळणाऱ्यासमोर दोन चौकटी येतात. एकीत लिहिलंय, कोणी नाही. दुसरीत, हिचा मुलगा. पुढे जे व्हायचं ते होतं, सरदार जातो, आणि म्हातारी ताट वाढत ते वाक्य म्हणते. लिहिलं तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. विभागातल्या एका जुन्या लेखिकेनं, जी सहसा कोणाचं कौतुक करत नाही, विचारलं होतं, "हे वाक्य कुठून आणलंत?" मी म्हणालो होतो, "सुचलं." त्या क्षणी मला ते खरंच वाटलं असावं. आता कोणाला सांगितलं तर पटणार नाही, पण माणूस स्वतःच्या खिशातली वस्तू उचलून ती रस्त्यावर सापडली असं समजू शकतो. वाक्य माझं नव्हतं. आईचं होतं. चोवीस वर्षांपूर्वी, मी एकोणीस वर्षांचा असताना, ती ते मला म्हणाली होती, आणि तेव्हापासून मी त्या वाक्यावर डोकं टेकून झोपत आलो होतो.

दादा लिफ्टचा मेकॅनिक होता. शहरातल्या चार इमारतींच्या लिफ्ट त्याच्याकडे असायच्या. दर गुरुवारी दुपारी तपासणी. दोर, ब्रेक, दारं, सगळं बघायचं आणि लिफ्टच्या आत टांगलेल्या कार्डावर तारीख घालून सही करायची. घरी आला की तो कपडे धुण्याची पावडर घेऊन कोपरापर्यंत हात घासायचा, तरी नखांत काळं उरायचंच. त्यानं आठवीनंतर शाळा सोडली आणि मी कॉलेजात गेलो, हे एकाच वाक्यात सांगायला पाहिजे, कारण घरात ते तसंच घडलं. बाबा नव्हते. आई गणवेश शिवण्याच्या कारखान्यात जायची ती संध्याकाळी सहाला परत. मी गोष्टी लिहायचो आणि त्या आधी दादाला वाचून दाखवायचो. तो ट्रंकेवर बसून ऐकायचा. खुर्ची करकरायची आणि मधेच आवाज झाला की मी चिडायचो, म्हणून ट्रंकेवर. ऐकताना मान खाली घालून नखं बघत राहायचा. कधी छान म्हणाला नाही, कधी वाईट म्हणाला नाही. फक्त एखाद्या ठिकाणी विचारायचा, "मग?" आणि त्यानं जिथं 'मग' विचारलं नाही तिथं गोष्ट मेलेली आहे हे मला कळायचं. इतका चांगला वाचक मला पुन्हा मिळाला नाही.

तो गुरुवार. दुसऱ्या दिवशी कॉलेजात कथावाचनाची स्पर्धा होती. माझी गोष्ट तयार होती, पण दादानं ऐकली नव्हती, आणि त्याला ऐकवल्याशिवाय ती उभी राहील असा मला भरवसा नव्हता. सकाळीच कोपऱ्यावरच्या दुकानातून मी त्याच्या ऑफिसात फोन केला. म्हणालो, लवकर ये. तो म्हणाला, आज तपासणी आहे, सातला येतो. मी म्हणालो, सातला आई असते, मला नीट वाचता येत नाही, उद्या माझं हसं झालं तर तुला काय. असं म्हणालो. तो दोन वाजता आला. चारही कार्डांवर सकाळीच सह्या करून आला होता. उद्या सकाळी जाऊन बघतो म्हणाला, एका दिवसानं काही होत नाही. हात धुऊन ट्रंकेवर बसला. गोष्ट एका माणसाची होती, जो गावातल्या सगळ्यांच्या घरी जाऊन घड्याळांना किल्ली द्यायचा. मी निम्म्याच्या थोडा पुढे गेलो असेन. दोनदा त्यानं 'मग' विचारलं होतं. तेवढ्यात दारावर धडाधडा थापा पडल्या आणि त्याच्या ऑफिसातला माणूस धापा टाकत आत आला. तिसऱ्या इमारतीतली लिफ्ट दुसऱ्या मजल्यावरून सुटली होती. आत एक टायपिस्ट बाई होती. दादा उठला, चपला उलट्या घालून गेला. माझ्या हातात शेवटची दोन पानं राहिली. त्या बाईचा पाय गुडघ्याखाली कायमचा गेला. मी तिला खूप वर्षांनी पोस्टात पाहिलं, कुबडी खिडकीच्या कट्ट्याला टेकवून ती तिकिटं चिकटवत होती आणि मी रांग सोडून बाहेर आलो. मला काहीच घ्यायचं नव्हतं असं स्वतःला सांगितलं.

आणि शुक्रवारी मी स्पर्धेला गेलो. हे मी सहसा वगळतो. दादा पोलीस स्टेशनात बसलेला असताना मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, गोष्ट वाचली, आणि मला दुसरं बक्षीस मिळालं.

शनिवारी चौकशी अधिकारी घरी आला. सभ्य माणूस होता, आईनं दिलेलं पाणी तो थांबून प्यायला. दादा खिडकीपाशी उभा होता, आई स्वयंपाकघराच्या दारात. अधिकाऱ्यानं मला विचारलं, "गुरुवारी दुपारी तुझा भाऊ कुठं होता?" दादाच्या वकिलानं आदल्या रात्री निरोप पाठवला होता की कामावर होता एवढंच म्हणा, बाकी मी बघतो. दोन चौकटी माझ्यासमोर होत्या, फक्त पडदा नव्हता. मी म्हणालो, "घरी." हे खरं होतं. ते मी म्हणायलाच हवं होतं, आजही माझं मत तेच आहे. त्या बाईचा पाय गेला होता आणि कार्डावरची सही खोटी होती, मी बोलावलं म्हणून ती खरी होत नाही. पण त्यानं पुढे विचारलं, "घरी काय करत होता?" आणि मी म्हणालो, "बसला होता." ह्यातही खोटं काही नव्हतं. ट्रंकेवर बसलाच होता. दादानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हा सांगणार, मला ह्यानं बोलावलं होतं, रडकुंडीला येऊन बोलावलं होतं. तो मान खाली घालून नखं बघायला लागला. अधिकाऱ्यानं कागदावर लिहून घेतलं, आणि पुढे निकालपत्रातही ते तसंच आलं, तपासणीच्या वेळी घरी बसून होता. दादाला आठ महिन्यांची शिक्षा झाली. लायसन्स कायमचं गेलं. त्याला नेलं त्या संध्याकाळी मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो आणि आई ताट घेऊन आली आणि म्हणाली, तुला जे योग्य वाटलं ते तू केलंस, आता दोन घास खाऊन घे. मी उठलो आणि जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

ह्या सगळ्यात दादाला जे मिळालं ते वेगळंच. तो सुटून आला त्या दिवशी आई त्याला उंबऱ्यातच म्हणाली, "घरी बसून होतास, आणि त्या बाईचा पाय गेला. मी दहा दहा तास मशीन मारत होते आणि तू घरी बसून होतास." पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या गावी गेला, सहा तासांच्या अंतरावर. तिथं एका रोपवाटिकेत काम करतो. जमिनीवरचं काम, तो म्हणतो. वर्षातून एकदा येतो, सोबत एक कुंडी आणतो, बाहेरच्या खोलीत बसतो, आई विचारते प्रवास कसा झाला, तो म्हणतो बरा झाला, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. आईच्या खिडकीत आता वीसेक कुंड्या झाल्यात. ती त्यांना रोज पाणी घालते आणि शेजारणींना सांगते, मोठा आळशी निघाला हो, नाहीतर हात चांगला होता त्याचा. मी दर शनिवारी तिच्याकडे जातो आणि हे ऐकतो. ऐकताना तिच्या गोळ्या डबीच्या कप्प्यांत भरत असतो. सोमवार सकाळ, सोमवार संध्याकाळ. आवाज चढवून कधी म्हणालोही असेन, जाऊ दे ना आई. बघा, हेही दोन्हीकडून लागू पडतं.

शुक्रवारी दिवसभर मी कप्तानचा कागद समोर ठेवून बसलो. मुलाला लपवणाऱ्याला म्हातारी काय म्हणेल ते पाच मिनिटांत लिहून झालं, त्यात काही कौशल्य लागत नाही. वाढताना ताटातलं सांडतं, ती म्हणते, "तुझे उपकार झाले म्हणणार नाही मी. खालच्या गावातही कोणाच्या तरी आया होत्या." बरं होतं. पण पकडून देणाऱ्याला काय म्हणेल ते येईना. रागावलेली म्हातारी लिहिली, ती नाटकी वाटली. शाप देणारी लिहिली, ती त्याहून नाटकी. रडणारी लिहून खोडली. कप्तान दोनदा डोकावून गेली. मला कळत होतं की मी म्हातारीचं वाक्य शोधत नाहीये, मी त्या गारगोटीच्याच प्रश्नावर बसलोय. माझ्या आईला दुसऱ्या वाटेवर मी कधी पाहिलंच नव्हतं. मी "कामावर होता" म्हणालो असतो तरी ती हेच म्हणाली असती का? आणि हेच म्हणाली असती तर मी चोवीस वर्षं जी माफी समजून उराशी धरली ती काय होती? शिवाय एक गोष्ट मी स्वतःपासून लपवू शकलो नाही: जी काही माफी असेल ती तिनं अर्ध्या गोष्टीवर दिली होती. उरलेली दोन पानं माझ्याच हातात होती.

शनिवारी दुपारी तीनला आईकडे गेलो. तळमजल्यावरच्या त्याच दोन खोल्या. ती खिडकीत बसून वाळकी पानं खुडत होती. चष्मा नाकावर खाली आलेला, हातांच्या शिरा वर आलेल्या, पण सुईत दोरा अजून स्वतः ओवते. मी गोळ्यांची डबी घेतली आणि कप्पे उघडले आणि बंद केले. शेवटी म्हणालो, "आई, दादाला नेलं त्या दिवशी तू मला जेवायला वाढलंस. तेव्हा काय म्हणाली होतीस आठवतं?"

"जेव म्हणाले असेन. दुसरं काय म्हणणार."

"त्याच्या आधी. तुला योग्य वाटलं ते तू केलंस, असं म्हणाली होतीस."

"असेन म्हणाले." तिनं एक पान खुडून पदरात टाकलं. "आज काय आहे तुझं?"

"मी खोटं सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"तेच."

एवढं सहज म्हणाली की मला हसू आलं, खरंच आलं. सांध्याची उस्ताद मी नव्हे, ही. मी विचारलं, "मग तुझ्या मनात काय होतं?" तिनं हात थांबवला. मला वाटलं ती टाळेल. आमच्या घरात टाळणं हे कुणालाच शिकवावं लागलं नाही. पण ती म्हणाली, "खरं सांगू? तुझं तोंड बघवत नव्हतं मला. एकाला घेऊन गेले होते, आणि तू पाठवलंस असंच वाटत होतं. चूक होतं ते, तू खरं तेच बोललास, पण वाटत होतं. आणि तू सकाळपासून उपाशी होतास. आता उपाशी पोराला काय बोलणार? काहीतरी बोलून ताट पुढं सारलं." मग जरा वेळानं, "वर्षभर बघवत नव्हतं. तुला कळलं नाही?" नव्हतं कळलं. मी दोनदा वाढून घेतलं होतं.

सोमवारी काय झालं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे ते मागे लागायचं नाही. सोमवारी मी कप्तानला दुसरं वाक्य दिलं. पकडून देणाऱ्याला म्हातारी आता म्हणते, "तुझं तोंड बघवत नाही मला. बस. दोन घास खा." कप्ताननं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि विचारलं, "हे कुठून आणलंत?" मी म्हणालो, "आईकडून." ती कागद घेऊन गेली. गारगोटीचं पुढे काही आलं नाही. चारशे जणांपैकी निम्म्यांना पहिलंच बरं वाटत होतं म्हणे. असेल.

पण शनिवार अजून संपला नव्हता. खिडकीतून उन्हाचा पट्टा जमिनीवर आला होता, त्यात आईची पावलं होती. ती मला जे सांगायचं ते सांगून मोकळी झाली होती आणि पुन्हा पानं खुडायला लागली होती, आणि मला कळलं की आता नाही तर कधीच नाही. ही ब्याऐंशी वर्षांची आहे. ह्या वाटा पुढे आपोआप एकत्र येणार नाहीत, तिथं कोणी वाक्य घेऊन उभं नाही. मी म्हणालो, "आई, दादा त्या दिवशी आळस करून घरी बसला नव्हता. मी बोलावलं होतं त्याला." ती म्हणाली, "कुठं बोलावलं?" "घरी. गुरुवारी. दुकानातून फोन केला. दुसऱ्या दिवशी मला गोष्ट वाचायची होती, ती ऐकायला ये म्हणून मागे लागलो. तो नको म्हणत होता. मी ऐकलं नाही. तो ट्रंकेवर बसून माझी गोष्ट ऐकत होता. त्या साहेबांना मी नुसतं बसला होता म्हणालो."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे, डोळ्यांच्या डॉक्टरनं दाखवलेल्या अक्षरांकडे बघावं तशी, ओळखीचं असूनही लागत नसल्यासारखी. पदरातली पानं खाली सांडली, तिनं ती उचलली नाहीत. "तो काही बोलला नाही," ती म्हणाली. "नाही." "मी त्याला उंबऱ्यात..." पुढचं तिनं म्हटलं नाही. मग तिचे ओठ हलायला लागले आणि मला वाटलं ती रडणार, मी उठून जवळ गेलो, तर तिनं हातानं मला बाजूला सारलं. जोरात सारलं. ह्या वयात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. "एवढी वर्षं तू इथं बसून ऐकत होतास," ती म्हणाली, "मी त्याला आळशी म्हणत होते आणि तू गोळ्या भरत होतास." ह्यावर मी जे काही बोललो असतो ते कदाचित सांध्याचंच असतं. उन्हाचा पट्टा ट्रंकेपर्यंत गेला होता. ट्रंक अजून तिथंच आहे, आता तिच्यावर गाद्या असतात.

"फोन लाव त्याला," आई म्हणाली.

मी लावला आणि तिच्या हातात दिला. ती फोन कानाला लावते तेव्हा दोन्ही हातांनी धरते. दादाचा आवाज मला लांबून येत होता, शब्द कळत नव्हते. बहुतेक विचारत असेल, काय झालं, तब्येत बरी आहे ना, कारण हिनं कधी आपणहून फोन केल्याचं आठवत नव्हतं. "बरी आहे मी," आई म्हणाली. "तू कामावर आहेस का? मग जरा बाजूला ये." थांबली. "अरे, धाकट्यानं सांगितलं मला. त्यानं बोलावलं होतं तुला त्या दिवशी." ती फोन आणखी घट्ट धरून म्हणाली, "मी तुला बोलले ते... बसून होतास म्हणाले मी तुला. दारात म्हणाले. आत पण येऊ दिलं नव्हतं तोवर." आता ती रडत होती, पण आवाज तसाच सरळ ठेवून, शिवताना टीप सरळ ठेवावी तसा. "चूक झाली माझी. लेकरा, माझी चूक झाली." मग पुष्कळ वेळ ती नुसतं ऐकत होती आणि हं हं म्हणत होती. एकदा म्हणाली, "वीस झाल्यात. सगळ्या जगल्यात." मग फोन माझ्यापुढे धरला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणतोय."

मी फोन घेतला. पाण्याच्या पाइपचा आवाज येत होता, कोणीतरी लांब हाक मारत होतं. "दादा," मी म्हणालो. तो म्हणाला, "बरं केलंस." मी विचारलं, "तू का नाही सांगितलंस रे? तेव्हा नाही तर नंतर. एकदा तरी." "ते तू सांगायचं होतंस," तो म्हणाला. "मी सांगून काय उपयोग होता? मी वाट बघितली. पहिली काही वर्षं फार बघितली. मग कुंड्या आणायला लागलो." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि राग नाही म्हणून मला बरंही वाटलं नाही. माफ केलं असंही तो म्हणाला नाही. मी विचारलंही नाही. पलीकडे कोणीतरी पाणी बंद केलं आणि एकदम शांत झालं. मग तो म्हणाला, "ती गोष्ट होती ना तुझी. घड्याळांना किल्ली देणाऱ्याची."

"हो."

"तो त्या आंधळ्या बाईच्या घरात शिरतो, तिथपर्यंत ऐकली होती मी. तिच्या घड्याळाला काटेच नसतात. मग?"

मी ट्रंकेकडे बघितलं. शेवट मला आठवत होता, दुसरं बक्षीस मिळवणारा, सगळ्यांना पटेल असा गोड शेवट. "शेवट बरा नव्हता, दादा," मी म्हणालो.

"असू दे. सांग."

आईनं उठून खिडकी लावून घेतली, रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून, आणि ट्रंकेवरच्या गाद्या एका बाजूला सारून तिथं बसली. मी सांगायला लागलो.